चार सीएल, एक रविवार आणि खानापूरचं रान

आमच्या खानापूर भागात शिकारीच्या गोष्टींना तोटा नाही. कुणाच्या आजोबांनी वाघ कुठं मारला, कुणाच्या काकांच्या अंगावर गवा कसा आला, हे जवळजवळ प्रत्येक घरात ऐकायला मिळतं. त्या गोष्टी मी आज सांगणार नाही. मी आयुष्यभर बँकेत नोकरी केली, बंदूक एकदाही हातात धरली नाही. पण शाखेतलं रजेचं रजिस्टर बरीच वर्षं माझ्याकडे होतं. त्यामुळं मला नेहमी वेगळाच प्रश्न पडायचा: या लोकांना शिकारीला जायला रजा मिळायची कशी?

प्रश्न साधा वाटेल, पण जरा विचार करून बघा. आमच्या रानात बाहेरून कोण आलं, कुठल्या महिन्यात आलं, किती दिवस राहिलं, हे जनावरांपेक्षा रजेच्या नियमांनी जास्त ठरवलं असं माझं मत आहे. आणि त्या रजेची किंमत नेहमी अशा माणसानं मोजली ज्याला रजा म्हणजे काय हेच माहीत नव्हतं.

सुरुवात छावणीपासून करू. बेळगाव १८१८ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात आलं आणि पुढं तिथं मोठी छावणी झाली. हिंदी फौजेतल्या गोऱ्या अधिकाऱ्याला वर्षाला साधारण दोन महिन्यांची हक्काची रजा असे. बोटीनं विलायतेला जाऊन यायचं तर प्रवासातच महिना-दीड महिना जाणार. म्हणून घरी जायची लांब रजा काही वर्षांनी एकदा, आणि वर्षाची रजा इथंच कुठंतरी काढायची. मग एक तर थंड हवेचं ठिकाण, नाही तर शिकार. १८८० च्या दशकात सदर्न मराठा रेल्वेची लाइन बेळगाव, खानापूर, गुंजी, लोंढा अशी झाली आणि १८८८ मध्ये ती कॅसलरॉकवरून घाट उतरून गोव्यात मार्मागोव्यापर्यंत जोडली गेली. त्यानंतर तर छावणीतल्या साहेबाला दाट रान म्हणजे काही तासांचं अंतर. तंबू, खानसामा, सोड्याच्या बाटल्या, सगळं आगगाडीनं स्टेशनपर्यंत आणि पुढं बैलगाडीनं.

साहेब यायचा तो एप्रिल-मे महिन्यात. कारण उघड आहे. उन्हाळ्यात ओढे आटतात, जनावर उरलेल्या पाण्यावर येतं, गवत जळालेलं असतं आणि लांबचं दिसतं. पावसाळ्यात आमच्या पश्चिम भागात, कणकुंबी-जांबोटीकडं, माणसाला घराबाहेर पडता येत नाही तर शिकार कसली करणार! म्हणजे साहेबाची रजा, वाघाचं पाणी आणि उन्हाळा यांचा मेळ बसला होता.

मेळ बसत नव्हता तो गावाचा. ज्यांचं शेत खानापूर-चंदगड पट्ट्यात आहे त्यांना सांगायला नको, आमच्याकडं भाताची धूळवाफ पेरणी मे महिन्यातच होते. त्याआधी नांगरट, शेणखत ओढणं, बांध घालणं, पावसाळ्याची लाकडं भरून ठेवणं, घर शाकारणं. आणि नेमका त्याच वेळी गावात निरोप यायचा की साहेबाचा मुक्काम पडलाय, हाक्याला माणसं पाहिजेत. हाका म्हणजे डबे, ढोल वाजवत, ओरडत रान उठवायचं आणि जनावर बंदुकीच्या तोंडाकडं न्यायचं. बंदूक माचाणावर आणि हाकेवाले अनवाणी खाली. रोजाचे पैसे मिळत. नाही म्हणायची सोय मात्र फारशी नव्हती, कारण निरोप पाटलाकडून यायचा. आमच्या आजोबांच्या पिढीतली माणसं सांगायची, रोजाचे पैसे मिळाले, पण पेरणी पाच दिवस मागं पडली आणि वळीव चुकला. हा हिशेब कुठल्या शिकारीच्या पुस्तकात सापडत नाही.

या साहेब लोकांनी सगळं वाईटच केलं असंही नाही. १८८३ मध्ये मुंबईत नॅचरल हिस्टरी सोसायटी निघाली, तिच्या नियतकालिकात अशा रजेवरच्या अधिकाऱ्यांनी पाठवलेली टिपणं भरलेली असायची. आमच्या तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहेतलं दुर्मीळ वटवाघूळ जगाला माहीत आहे ते रॉटन या मुंबई इलाख्यातल्या वनअधिकाऱ्याच्या नावानं. कित्येक वर्षं साऱ्या जगात त्याचा ठावठिकाणा म्हणजे ही एकच गुहा होती. तिथल्या लोकांनी ती वटवाघळं किती पिढ्या बघितली असतील, पण त्यांचं नाव लागायचं काही कारणच नव्हतं.

गावाची स्वतःची शिकारही होती. ती शिमग्याच्या दिवसांत. पारध म्हणायचे तिला. सगळा गाव मिळून, ठासणीच्या दोन-चार बंदुका, भाले, वाघर, कुत्री. डुक्कर, भेकर, ससा जे मिळेल त्याचे वाटे. बार ज्याचा लागला त्याचा वाटा मोठा, पण हाक्याला आलेल्या पोरालाही वाटा, विधवेच्या घरी वाटा, आणि कुत्र्यालाही. या पारधेसाठी नोकरीतली माणसं गावाकडं येत. मुंबईच्या गिरण्यांत, पुण्याला, बेळगावात, कोल्हापुरात असलेली. फाल्गुनी पौर्णिमा कधी आहे ते बघून दोन महिने आधी मुकादमाच्या मागं लागायचं. गणपतीला एकदा रजा घेतली असेल तर शिमग्याला मिळायची मारामार. माझे एक चुलत आजोबा गिरणीत होते. शिमग्याच्या वेळी गावी यायला मिळालं नाही तर ते महिनाभर कुणाशी बोलत नसत, असं आज्जी सांगायची.

आता मुद्द्याची गोष्ट. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचना झाली. बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून काढून म्हैसूर राज्यात घातला, आणि त्यातला चंदगड तालुका तेवढा कोल्हापूर जिल्ह्याला जोडला. त्या तारखेचं दुःख आपण सगळेच जाणतो, त्यावर मी पुन्हा लिहीत नाही. पण शिकारीच्या दृष्टीनं काय झालं ते बघा. चंदगड, तिलारी, कणकुंबी, भीमगड हे सलग एक रान. त्यात गवा इकडून तिकडं जातो, त्याला सरहद्द ठाऊक नाही. पण मुंबईहून शिमग्याला गावी येणारा आमचा माणूस एका रात्रीत परराज्यात शिकारीला जाणारा माणूस झाला. तो होता तिथंच होता, गावही तिथंच होता. मधली रेघ तेवढी नवीन.

गंमत अशी की कायदा लगेच बदलला नाही. पुनर्रचनेच्या कायद्यातच तरतूद होती की ज्या भागात जे कायदे चालू आहेत ते बदलेपर्यंत तसेच चालतील. म्हणजे मुंबई राज्याचा १९५१ चा वन्य पशुपक्षी संरक्षणाचा कायदा बेळगाव भागात काही काळ तसाच राहिला. बदलल्या त्या कचेऱ्या. चंदगडच्या माणसाचे कलेक्टर आता कोल्हापुरात. बंदुकीच्या परवान्यावर क्षेत्र लिहिलेलं असतं. ज्याच्या परवान्यावर जिल्हा किंवा राज्य एवढंच लिहिलेलं, त्याला पलीकडच्या गावी, सासऱ्याच्या शेतात डुक्कर मारायला बंदूक न्यायची तर क्षेत्र वाढवून आणा. अर्ज, शिक्के, पुन्हा चकरा. आणि प्रत्येक चकरेला एक दिवस रजा! म्हणजे शिकारीची रजा वेगळी आणि शिकारीच्या कागदांची रजा वेगळी.

पश्चिमेला तर १९६१ पर्यंत परदेशच होता. १९५५ मध्ये गोव्याची आगगाडी बंद झाली, कॅसलरॉकच्या पुढं जाणं थांबलं. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाल्यावर तिकडचे हौशी लोक घाट चढून आमच्याकडं यायला लागले.

मी १९७१ मध्ये, बीकॉम झाल्यावर, क्लार्क म्हणून बँकेत लागलो. राष्ट्रीयीकरण होऊन दोन वर्षं झाली होती. शाखा बेळगावच्या बाजूची. तिथं मला शिकारीचं नोकरदार रूप बघायला मिळालं. वाघ मारायला १९७० मध्येच बंदी आली होती, त्यामुळं हे काही वाघमारे नव्हते. आमचे हेड कॅशियर, शेजारच्या कचेरीतले एक बाबू, कोल्हापूरहून येणारे त्यांचे मेहुणे आणि मुंबईचा एक मित्र, असा चौघांचा कंपू. चौघांची चार ठिकाणी नोकरी, चार साहेब, दोन राज्यं. आणि या चौघांना एकाच वेळी चार दिवस मोकळे मिळवून द्यायचे, हे काम त्यांनी मला दिलं. 'अरे, तू कॉमर्सवाला आहेस, बसव गणित,' म्हणून.

आणि खरंच गणित होतं ते. बँकेत कॅज्युअल लीव्ह, म्हणजे सीएल, वर्षाला बारा दिवस. एका वेळी चारच्या वर नाही. पुढं-मागं रविवार किंवा सुट्टी जोडता यायची. हक्काची पीएल हवी तर महिनाभर आधी अर्ज, आणि ती मंजूर होईल याची खात्री नाही. त्या काळी बँकांचं वर्ष ३१ डिसेंबरला संपायचं, मार्चला नव्हे. त्यामुळं डिसेंबर हा क्लोजिंगचा महिना. रात्री दहा-दहा वाजेपर्यंत व्याजाचे आकडे आणि बॅलन्सिंग. जानेवारीचा पहिला पंधरवडा त्याचीच शेपटी. पुन्हा जूनअखेर सहामाही क्लोजिंग, पण तेव्हा आमच्याकडं पाऊस लागलेला असतो, म्हणून त्याचं दुःख नाही. राहता राहिली जानेवारीअखेर ते मार्च, आणि निपाणीकडं बदली झालेल्याला तर तेही नाही, कारण तिथं तंबाखूचा हंगाम आणि कॅश काउंटरवर रांग.

त्यात चंद्र हवा. ऊस आणि उन्हाळी पिकात रात्री डुकरं पडतात, माळ्यावर बसून राखण करायची तर चांदणं पाहिजे. म्हणजे पौर्णिमा, सरकारी सुट्टी, रविवार आणि चार सीएल यांचा मेळ घालायचा. १९७२ सालचा माझा हिशेब मला अजून पाठ आहे. २६ जानेवारी बुधवारी आली होती. गुरुवार, शुक्रवार, शनिवार तीन सीएल. रविवार ३० तारीख, आणि त्याच दिवशी पौर्णिमा! तीन सीएलमध्ये पाच दिवस, आणि चांदणं रोज वाढतं. मी कागद हातात दिला तेव्हा हेड कॅशियरांनी मला हॉटेलात नेऊन मिसळ खायला घातली. बढती मिळाल्यावरसुद्धा मला इतका मान मिळाला नव्हता.

अडचण आली ती किल्ल्यांची. तिजोरीला डबल लॉक असतं, एक किल्ली मॅनेजरकडं, एक हेड कॅशियरकडं. रजेवर जायचं तर किल्ली दुसऱ्याच्या ताब्यात रीतसर देऊन, कॅश मोजून, रजिस्टरला सही करून. आणि आमचे मॅनेजर, तेही हौशी निघाले! दोघं एका वेळी जाणं शक्यच नाही. वर्षभर दोघं एकमेकांना टोमणे मारायचे. मुख्यालय सोडण्याची परवानगी वेगळी. अर्जात कारण काय लिहायचं? 'शिकार' कोण लिहिणार! 'घरगुती काम', 'देवाचं कार्य', 'सासऱ्यांची तब्येत'. एका गृहस्थांच्या सासऱ्यांची तब्येत दर फेब्रुवारीत पौर्णिमेच्या आसपास बिघडायची. मी रजिस्टरला तसंच लिहीत गेलो. ऑडिटर आले, त्यांनी व्याजातले पैसे तपासले, सासरे तपासले नाहीत.

मग गावाला पोस्टकार्ड जायचं. तिथले एक गावडा मामा या सगळ्यांचे वाटाडे. त्यांना रान पायाखालचं, पण वाचता येत नव्हतं, शाळेतले गुरुजी कार्ड वाचून दाखवायचे. एकदा ते बाजाराला आले असताना शाखेत आले. मी विचारलं, 'मामा, पुढच्या महिन्यात चालेल काय? त्याच्या आधी यांना रजा गावत नाय.' ते हसले आणि म्हणाले, 'तुमी सांगशिला तवा. आमाला कसली रजा? डुक्कर काय सुट्टी बघून येतंय व्हय?' मला तेव्हा ते विनोदी वाटलं. त्यांच्या शेतात वर्षाचे तीनशे दिवस राखण होती, चार दिवस हे लोक आले की सोबत मिळायची, इतकंच.

हे सगळं फार दिवस टिकलं नाही. सप्टेंबर १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा झाला. तो राज्यांनी पुढं-मागं स्वीकारला. त्यात सुरुवातीला शिकारीचे परवाने होते, मोठ्या जनावरांचे वेगळे, लहानांचे वेगळे. गाडीतून, मादीवर, पिल्लावर गोळी नाही अशा अटी होत्या. कागदावर परवाना होता, पण मिळणं दुरापास्त झालं, आणि १९९१ च्या दुरुस्तीनं ते परवान्यांचं प्रकरणच काढून टाकलं. त्या कायद्यात घरातली शिंगं, कातडी जाहीर करायलाही सांगितलं होतं, २००३ मध्ये आणखी एकदा मुदत दिली. आपल्यातल्या किती जुन्या घरांत दिवाणखान्यात शिंगं आहेत आणि त्यांचे कागद आहेत की नाहीत, हे ज्यानं त्यानं बघावं. मी नावं घेत नाही.

आमच्या कंपूनं बंदुका माळ्यावर टाकल्या. पण रजेची सवय कुठं जाते? बँकेत एलएफसी मिळते, प्रवासभाड्याची सवलत. तीच मंडळी पुढं दांडेली, बंदीपूर, कान्हा इथं कॅमेरा घेऊन जायला लागली. पौर्णिमा बघायची गरज उरली नाही, बाकी हिशेब तोच. मराठी वाचकाला हे नवं नाही. व्यंकटेश माडगूळकर आकाशवाणीत नोकरी करत होते, आधी शिकारी, आणि मग बंदूक बाजूला ठेवून नुसतं रान बघायला जाणारे. आमच्या पिढीतल्या बऱ्याच नोकरदारांनी हा रस्ता त्यांच्या पुस्तकांतून शिकला.

माझ्या भाच्याचा मुलगा अमेरिकेत विस्कॉन्सिनला आहे. तो सांगतो, तिथं थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारपासून नऊ दिवस बंदुकीनं हरणाची शिकार करता येते, आणि त्या आठवड्यात त्याच्या ऑफिसात माणूस दिसत नाही. दुसऱ्या राज्यातून येणाऱ्याला परवाना स्थानिकापेक्षा कितीतरी महाग. पश्चिमेकडच्या राज्यांत तर एल्कसारख्या जनावरासाठी सोडत निघते, लोक वर्षानुवर्षं पॉइंट साठवतात आणि सोडतीत नाव आलं की मग रजा टाकतात. मी त्याला म्हटलं, 'आमच्या हेड कॅशियरांना हे कळलं असतं तर त्यांनी अमेरिकेत बदली मागितली असती.' पण एक फरक आहे. तिथं परवान्याचा पैसा रान राखायला वापरतात, आणि रानात राहणारा माणूस मुळात फार कमी. आमचं रान तसं रिकामं कधीच नव्हतं.

त्या माणसाचं पुढं काय झालं ते सांगतो आणि थांबतो. पीक राखायला ठासणीच्या बंदुकीचा परवाना १९५९ च्या शस्त्र कायद्यात आहे. आमच्या भागात अनेकांकडं तो होता, काहींकडं आहे. निवडणूक आली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची. ग्रामपंचायत, विधानसभा, लोकसभा धरून निवडणुका किती येतात ते मोजा. बंदूक ठाण्यात आणि डुक्कर शेतात. डुक्कर मेलं तर गुन्हा, पीक गेलं तर पंचनामा.

डिसेंबर २०११ मध्ये भीमगड अभयारण्य जाहीर झालं, सुमारे १९० चौरस किलोमीटरचं. रान वाचलं पाहिजे याबद्दल माझं दुमत नाही. म्हादई आणि मलप्रभा दोन्ही इथल्याच डोंगरांतून निघतात. पण तीन वर्षांनी, २०१४ च्या डिसेंबरात, चिक्कमगळूरकडं पकडलेला वाघ आमच्या रानात आणून सोडला. त्यानं खानापूर तालुक्यातल्या एका तरुण बाईला मारलं, आणि मग काही दिवसांत सरकारी पथकानं त्याला गोळी घातली. आमच्या भागातली वाघाची शेवटची शिकार मी तीच समजतो. त्यासाठी कुणाला रजा घ्यावी लागली नाही, ते ड्यूटीवरच होते. गावाला मात्र आधी विचारलं नव्हतं, साहेबाच्या तंबूच्या वेळी विचारत नसत तसंच.

गवाळी, आमगाव, कृष्णापूर, देगाव, पास्टोली, तळेवाडी ही अभयारण्यातली गावं. पूल नाही, पावसाळ्यात आजारी माणसाला तिरडीसारखं बांधून खांद्यावरून आणावं लागतं, हे आपण पेपरात वाचतोच. तळेवाडीच्या कुटुंबांना भरपाई देऊन बाहेर हलवायला २०२५ मध्ये सुरुवात झाली. काहीजण खूश आहेत, पोरांची शाळा जवळ येईल म्हणून. म्हातारी माणसं गप्प आहेत.

मध्यंतरी खानापूर स्टँडवर त्या बाजूचा एक मुलगा भेटला. गोव्यात कंपनीत आहे. शिमग्याला नव्हे, घरच्या कागदांसाठी आला होता. वडिलांची सही, बँकेचं पासबुक, आधार, सगळं एका पिशवीत. जुनी सवय, मी विचारलं, 'रजा गावली काय रे?'

'गावली काका. चार दिवस. दोन पगारी, दोन बिनपगारी,' म्हणाला, आणि हेम्माडग्याची बस लागली होती तिकडं गेला.